एकेचाळीस पावलं

सकाळचं दूध पिऊन पिल्लू झोपलं की तिला पाऊण तास मिळायचा. फार फार तर तास. तेवढ्यात कपडे वाळत घालायचे, केसांतून फणी फिरवायची, आणि त्यातूनही काही उरलंच तर मागच्या दाराच्या पायरीवर बसून शेताकडे नुसतं बघायचं. नुसतं बघणं हेही एक काम असतं आणि त्यासाठी वेळ चोरावा लागतो, हे तिला आई झाल्यापासून कळलं होतं.

त्या पायरीवरूनच तिला ती सावली दिसली. गहू गुडघ्याच्या वर आला होता. वाऱ्याबरोबर सगळं शेत एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळत होतं, आणि मधोमध, थोडं पलीकडे, एक तुकडा बाकीच्यापेक्षा गडद होता. ढगाची सावली असेल, असं तिला वाटलं. ढग निघून गेला, सावली तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी आभाळ पुसून ठेवल्यासारखं स्वच्छ होतं, तरी ती होतीच. आता तर तिला कडाही दिसल्या. चार कडा, चार कोपरे. हिरव्या गादीवर कुणीतरी आणखी हिरवी चादर अंथरावी तशी.

तिसऱ्या दिवशी तिने सासूबाईंना विचारलं. त्या मटार सोलत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ती माझी सवत."

"काय म्हणालात?"

"सवत गं. एवढ्याशा खोलीएवढी आहे, पण तोरा बघ. पहाटे उठून तिला पाणी पाजतात, दुपारी तिची वेणीफणी करतात. चाळीस वर्षं झाली लग्नाला, माझ्या केसात काटा अडकला तरी कधी विचारलं नाही कुणी."

'कुणी' म्हणजे सासरे. गावात त्यांना ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी राहतेय का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. त्यांची पेरणी तशी असायची. शेताच्या एका टोकाला उभं राहून दोन ओळींच्या मधून पाहिलं तर नजर दुसऱ्या टोकापर्यंत कुठेही न अडखळता जायची. माणूसही तसाच, नाकासमोर चालणारा. पण मुलगा कामासाठी शहरात गेल्यापासून गेली दोन वर्षं सगळं एकट्याच्या अंगावर पडलं होतं, आणि गुडघे आता ऐकत नव्हते. ओळी अजून सरळ होत्या. ओळींच्या मधे मात्र तण माजायचं, आणि ते दिसलं की ओळंबा दुसरीकडे बघायचे.

सवतीची हकिगत अशी होती. सरकारचं मोजणीखातं दर वर्षी प्रत्येक गावातलं एक शेत चिठ्ठी टाकून निवडायचं. त्या शेतात कापणीच्या वेळी पाच मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असा एक चौकोन आखायचा, तेवढंच पीक कापायचं, झोडपायचं, तोलायचं. त्या एका चौकोनावरून अख्ख्या गावात किती पिकलं ते ठरायचं. यंदा चिठ्ठी ओळंब्यांच्या नावाची निघाली होती. पेरणी होताच खात्याचे साहेब आले. ताडमाड उंच, चालताना मान पुढे-मागे होणारी. गावाने पहिल्याच दिवशी त्यांचं नाव उंटसाहेब ठेवलं. त्यांनी आकड्यांनी भरलेल्या एका तक्त्यावर बोट फिरवलं आणि दोन आकडे लिहून घेतले. एकेचाळीस आणि सतरा. विहिरीजवळच्या कोपऱ्यापासून लांबीकडे एकेचाळीस पावलं, तिथून वळून रुंदीकडे सतरा. आकडे शेताबाहेर तर जात नाहीत ना, हे पाहायला ते स्वतः तेवढी पावलं चालून गेले.

"ही जागा," म्हणाले. "खरं म्हणजे शेतकऱ्याला आधी सांगायची नसते. पण तुम्ही काय, घरचेच."

मग पाणी पिऊन ते गेले, आणि महिन्याभरात त्यांची बदली झाली. पण ओळंब्यांनी त्या जागी एक दगड ठेवला होता. सबंध शेत सांभाळायचं बळ आता अंगात नव्हतं. पण खोलीएवढा तुकडा कुणीही सांभाळू शकतो.

हे सगळं सासूबाईंकडून ऐकताना तिला हसू आलं. पाहुणे येणार म्हटल्यावर ती नाही का पिल्लाला न्हाऊमाखू घालून, केस चापूनचोपून बसवून पुढे आणायची? घरभर पसारा असला तरी मूल तेवढं चकचकीत. सासरे तेच करत होते. त्यांच्या लेखी ही मोजणी नव्हतीच, पाहुणे यायचे होते. त्या दिवसापासून ती पायरीवर बसली की आधी सवतीकडे बघायची. सकाळच्या कोवळ्या उन्हात सासरे तिथे वाकलेले असत, नुसती पाठ दिसे, आणि कधीकधी बोलल्यासारखा आवाज येई. काय बोलतात ते ऐकू येत नसे. ऐकू येऊ नये असंच तिला वाटे.

*

त्यानंतर दोन आठवड्यांनी ती दळण घेऊन गिरणीत गेली. पिल्लू कडेवर, डबा डोक्यावर. गिरणीवाले काका गावाचं वर्तमानपत्र होते. त्यांच्या पापण्यांवर कायम पीठ असायचं, त्यामुळे ते आत्ताच बर्फातून चालून आलेत असं वाटायचं.

"ये सूनबाई. ओळंबे काय म्हणतात? अभ्यास जोरात चाललाय म्हणे."

"कसला अभ्यास?"

"अगं, परीक्षा आहे ना त्यांची यंदा." काकांनी पट्टा थांबवला, म्हणजे आता मोठी बातमी होती. "जरा सांग त्यांना, म्हणावं एवढा अभ्यास बरा नव्हे. यंदा नापास झालेल्यालाच बक्षीस आहे."

मग त्यांनी नीट सांगितलं. मागे राहिलेल्या गावांची एक यादी वर तयार होत होती. तीन वर्षांच्या पिकाची सरासरी काढायची, आणि ती ठरलेल्या रेघेच्या खाली निघाली तर त्या गावात धान्य वाळवायचं, निवडायचं केंद्र उभं करायचं. मोठी शेड, यंत्र, आणि यंत्र चालवायला शक्यतो त्याच गावातला माणूस. दोन वर्षांचं गावाचं पीक रेघेखाली होतं, पण बोटभरच. राहिलं होतं यंदाचं.

"म्हणजे त्या चौकोनावर," ती म्हणाली.

"त्या चौकोनावर. तो भरगच्च निघाला तर आपण पुढारलेलं गाव. शाबासकी मिळेल, यंत्र शेजारच्या गावाला." काकांनी पट्टा सुरू केला आणि आवाज चढवून म्हणाले, "आणि तुझा नवरा काय चालवतो गं शहरात?"

काकांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. तिचा नवरा शहरातल्या एका मोठ्या गोदामात धान्य वाळवायचं यंत्र चालवायचा. दोन महिन्यांतून दोन दिवस घरी यायचा. मागच्या खेपेला त्याने दारातूनच हात पसरले तर पिल्लू घाबरून आईच्या खांद्यात शिरलं आणि जे रडायला लागलं ते थांबेना. तो हसला, 'बरोबर आहे, अनोळखी माणसाकडे जाऊच नये' म्हणाला. मग नळावर जाऊन तोंड धुतलं. खूप वेळ धुतलं.

घरी येताना ताजं पीठ डब्यातून डोक्याला ऊब देत होतं. सरासरी, ती मनात म्हणाली. शाळेत शिकली होती, बेरीज करायची आणि भागायचं. पण आज तिला वाटलं, सरासरी नावाचं एक शेत कुठेतरी खरोखर असलं पाहिजे. कुणी न पेरलेलं, कुणी न राखलेलं. सगळ्या शेतांच्या वर, अधांतरी, धुक्यासारखं. त्यात वारा नाही, पाखरं नाहीत, एकही ओंबी दुसरीपेक्षा उंच नाही. आणि दूर राजधानीत, उंच इमारतीतली माणसं खिडकी उघडून तेवढं एकच शेत बघतात आणि म्हणतात, हं, बरं आहे यंदा. त्यांना तिथून तिची पायरी दिसत नाही. नळावर तोंड धुणारा माणूस दिसत नाही. दोष त्यांचा नाही, तेवढ्या उंचीवरून कुणालाच दिसलं नसतं.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला तेव्हा तिने सगळं सांगितलं.

"मग बाबांना सांग," तो म्हणाला.

"तुम्ही सांगा. तुमचे बाबा आहेत."

"मी सांगितलं तर त्यांना वाटेल, पोरगा स्वतःच्या सोयीसाठी मला मान खाली घालायला लावतोय."

"तुम्हाला यायचं नाहीये का?"

पलीकडे यंत्राची घरघर चालू होती.

"परवा तू फोन बंद करायला विसरलीस," तो म्हणाला. "पोरगी चमचा आपटत होती कशावर तरी. मी जेवायची सुट्टी होती ती सगळी तेच ऐकत बसलो."

तिला उत्तर मिळालं. पण सासऱ्यांशी बोलायला तोंड उघडेना. सकाळी ठरवायची, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी वाटायचं, आज दमलेत, उद्या. कारण तिने त्यांचा चेहरा पाहिला होता. दोन वर्षांत पहिल्यांदाच ते रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारत होते, 'अहो, जरा बघून तर जा.' पहिल्यांदाच शीळ घालत होते. गहू फुलोऱ्यातून दाण्यावर आला, हिरव्यावर पिवळसर झाक चढली, आणि सवत तर अशी काही भरली की बांधावरून जाणारी माणसं आपोआप थांबू लागली. बाकीचं शेत मात्र नजरेत भरेनासं झालं होतं. विरळ, मधेमधे तणाने खाल्लेलं. ज्या वेळात त्याला हात लावायचा, तो सगळा वेळ इकडे खर्च झाला होता.

*

एका दुपारी घर निपचित पडलं होतं. सासूबाईंना पडल्या पडल्या झोप लागली होती, सासरे गावात गेले होते. तिने पिल्लाला उचललं, दावणीची शेळी सोडली आणि शेतात गेली.

काय करायला निघालो आहोत, हे तिने स्वतःला सांगितलं नव्हतं. पाय निघाले होते. शेळी ती. शेळी शिरली म्हणायचं. शेळीला काय कळतंय, पुढारलेलं गाव आणि मागासलेलं गाव.

दगडापाशी पोचल्यावर ती थांबली. आत पाऊल टाकलं तसं गार वाटलं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि इथे ओलसर मातीचा वास होता. ताटं तिच्या छातीपर्यंत येत होती. मुळाशी पाहिलं तर एक गवताची काडी सापडेना, माती हाताने चुरून पसरल्यासारखी भुसभुशीत होती. काही ताटं वाऱ्याने कलली असतील, त्यांना सुतळीच्या तुकड्यांनी एकमेकांना बांधलं होतं, फार घट्ट नाही, फार सैल नाही. पिल्लाची कुंची ती अशीच बांधायची.

पिल्लाने एक ओंबी धरली, तिची कुसं टोचली, आणि ते रडायचं की हसायचं हे ठरवण्यासाठी आईच्या तोंडाकडे पाहू लागलं. ती हसली. मग पिल्लूही हसलं. शेळी बांधावरचं गवत खात दूर निघून गेली. ती खाली बसली, क्षणभर टेकते म्हणून. पिल्लाला पाजायला घेतलं. ताटांच्या भिंतीआडून फक्त वर आभाळाचा एक चौकोन दिसत होता, आणि त्यात काहीच नव्हतं. रात्र रात्र जागलेल्या माणसाला आणखी काय हवं असतं?

स्वप्नात ती त्या दुसऱ्या शेतात होती, धुक्यातल्या. खरोखरच तिथे वारा नव्हता. दूरवर एक माणूस चालत होता, पावलं मोजत, आणि तो जितका चाले तितकाच दूर राही. नवरा असावा. तिने हाक मारली तर आवाजही सपाट निघाला, चढ नाही, उतार नाही. 'इकडे, या बाजूला' असं तिला म्हणायचं होतं, पण तिथे बाजूच नव्हत्या. सगळीकडे सारखंच.

जाग आली तेव्हा पिल्लाच्या तोंडावर सावली होती. तिने मान वळवली. सासरे उभे होते. सूर्याकडे पाठ करून, जरासे तिरके, अशा बेताने की सावली नेमकी पोरीच्या डोळ्यांवर पडावी. कपाळावरून घाम ओघळत होता. किती वेळ उभे होते, कुणास ठाऊक.

ती धडपडून उठली. दोघींच्या अंगाखाली पीक आडवं झालं होतं. एक मोठा आकार आणि त्याला चिकटून एक इवलासा.

"असू दे, असू दे," ते हळू आवाजात म्हणाले. "झोपू दे तिला." आणि खाली बसून एकेक ताट उचलून उभं करू लागले.

"मामंजी," ती म्हणाली. "मी शेळी घेऊन आले होते."

त्यांनी शेळीकडे पाहिलं. शेळी बांधावर होती. मग तिच्याकडे पाहिलं.

आणि मग तिने सगळं सांगितलं. यादी, रेघ, यंत्र, नवरा. एका दमात, पिल्लू जागं होऊ नये म्हणून कुजबुजत. सांगून झाल्यावर तिला वाटलं, आपण त्यांच्या हातातून काहीतरी काढून घेतलं.

त्यांनी आणखी एक ताट उभं केलं.

"मला वाटलं, चांगलं दिसलं की देतात," ते म्हणाले. "चांगला दिसला तर मुलगी देतात, चांगला दिसला तर नोकरी देतात. वाईट दिसल्यावर देतात, हे पहिल्यांदाच ऐकतोय."

"वाईट दाखवा असं नाही म्हणत मी."

"मग काय म्हणतेस?"

झाकली मूठ सव्वा लाखाची असं सगळं आयुष्य ऐकलेल्या माणसाला मूठ उघड म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं?

"तो येतो म्हणालाय का?"

"यंत्र आलं तर येईन म्हणाले."

त्यांनी मान हलवली. तेवढीच. त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही. सवतीकडे जाणंही सोडलं नाही. सासूबाईंनी टोमणा मारला तर म्हणाले, "भरल्या अंगाची झालीय, आता उपाशी ठेवू का तिला?" आणि पहाटे पाखरं हाकायला निघून गेले.

*

मोजणीच्या दिवशी त्यांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, पण काही वाचता आलं नाही. शेत पिकून सोन्यासारखं झालं होतं, आणि त्यात तो चौकोन आता गडद नव्हता, उलट उजळ होता. एखाद्या घराच्या खिडकीत दिवा लावावा तसा.

स्कूटरवरून एक बाई आल्या. नवीन, तरुण, कॅनव्हासचे बूट, पाठीला पिशवी. पिशवीत दोरी, खुंट्या, ताडपत्री, तराजूचा काटा. साक्षीदार म्हणून गिरणीवाले काका आले होते. त्यांनी आज पापण्या धुतल्या होत्या, त्यामुळे ते भलतेच कुणीतरी वाटत होते.

"ही मोजणार?" सासूबाई तिच्या कानाशी म्हणाल्या. "ही तर आपल्या पिल्लाहून चार बोटं उंच."

बाईंनी कागद काढला. "विहिरीकडचा कोपरा. लांबी एकेचाळीस, रुंदी सतरा. बरोबर, आजोबा?"

"आकडे बरोबर आहेत," ओळंबे म्हणाले.

बाई कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि मोठ्याने मोजत चालू लागल्या. तीही मनात त्यांच्याबरोबर मोजत होती. दहा झाले. वीस झाले. पिल्लू खांद्यावरून मागे बघत होतं. तीस झाले तेव्हा तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. बाईंची पावलं छोटी होती. नेटकी, चिमणीसारखी, आणि त्या चाळीसवर पोचल्या तेव्हा उजळ चौकोन अजून कितीतरी पुढे होता.

"एकेचाळीस." बाई वळल्या. सतरा पावलं गेल्या आणि थांबल्या. कमरेएवढ्या तणात. तिथे गहू होता, पण शोधावा लागत होता. त्यांनी खुंटी ठोकली.

गिरणीवाल्या काकांनी खोकून घेतलं. सगळे ओळंब्यांकडे बघत होते आणि ओळंबे त्या चौकोनाकडे. पंधरा मीटर. सबंध हंगाम, पहाटेच्या सगळ्या घागरी, ती सुतळी, ते बोलणं, सगळं पंधरा मीटरवर उभं होतं आणि कुणी तिकडे पाहणार नव्हतं. आणि इथे, ज्याच्यापासून ते दोन वर्षं नजर चुकवत आले, त्याच्या बरोबर मधे सरकारची खुंटी.

"बाई," ते म्हणाले.

तिने पिल्लाला घट्ट धरलं. साहेबांनी जागा तिकडे दाखवली होती, एवढंच तर म्हणायचं होतं त्यांना. चार शब्द. आणि ते चार शब्द खोटेही नसते.

"पावलं कुणाची धरायची असतात?"

"मोजतो त्याची, आजोबा. नियम आहे तसा. का हो?"

"काही नाही. आधीचे साहेब उंच होते." त्यांनी खुंटीकडे पाहिलं. "मग ठीक आहे. हीच जागा."

दोरी आखली. कापणी त्यांनी स्वतः केली, दुसऱ्याला विळा दिला नाही. काम फार नव्हतंच. ताडपत्रीवर झोडपून, पाखडून दाणे पिशवीत भरले तेव्हा पिशवी उशीएवढीही झाली नाही. बाईंनी काट्याला लावली, दोनदा बघितली, आकडा लिहिला. गिरणीवाले काका बोटांवर हिशोब करत होते. करंगळीपर्यंत पोचून थांबले आणि तिच्याकडे बघून डोळे मिटून उघडले. रेघेच्या खाली. बोटभर नाही, चांगलं हातभर.

"आजोबा, इथे कारण लिहायचं असतं," बाई म्हणाल्या. "पीक कमी का आलं. पाणी कमी पडलं, कीड लागली, असं काहीतरी." मग त्यांची नजर त्या उजळ तुकड्याकडे गेली आणि तिथेच राहिली. "ते एवढं छान कसं आलंय?"

"तिथे लक्ष दिलं."

"आणि इथे?"

"इथे नाही दिलं." त्यांनी सदऱ्याला हात पुसले. "लिहा तसं. दुर्लक्ष."

बाईंनी पेन उचललं, पण टेकवलं नाही. "शेतकऱ्याचं दुर्लक्ष, असं लिहू? कायम राहतं हो हे. उगाच तुमच्या नावापुढे. पाऊस कमी लिहिते मी, कोण बघतंय."

"पाऊस बरा झाला यंदा," ओळंबे म्हणाले. "लिहा तुम्ही."

त्यांनी सही केली. अक्षरं एका रेषेत, एकही वर-खाली नाही. सासूबाई पदराचं टोक दातात धरून उभ्या होत्या. त्यांनी ना टोमणा मारला, ना त्या हसल्या. नुसत्या पुढे झाल्या आणि सदऱ्याला चिकटलेली कुसं एकेक करून काढू लागल्या.

बाई गेल्या. काका गेले. तिने फोन लावला. घरघर ऐकू आली, मग ती लांब गेली, म्हणजे तो कुठेतरी बाहेर येऊन उभा राहिला असावा.

"काय झालं?"

"बसलं खाली," ती म्हणाली. "यादी यायला दोन महिने लागतील म्हणतात. पण बसलं."

"बाबा?" तो म्हणाला. "बाबा काय करतायत?"

तिने वळून पाहिलं. कापणीला माणसं उद्या यायची होती. पण ओळंबे विळा घेऊन चौकोनात शिरले होते आणि आतून ताटं पडल्याचा आवाज येत होता. थोड्या वेळाने ते बाहेर आले, दोन्ही हातांत मावेना एवढी पेंढी कवेत घेऊन. बांधाजवळ मघाच्या तणकट काडाचा लहानसा ढीग होता. त्यांनी पेंढी तिथे नेली, क्षणभर कवेतच धरून ठेवली, आणि मग त्याच ढिगावर ठेवून दुसरी आणायला गेले.

"कापतायत," ती म्हणाली. "थांबा जरा, मग बोला. तिला ऐकायचंय तुम्हाला."

आणि तिने फोन पिल्लाच्या कानाला लावला.